कानामागून आले...

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. एक, कानांनी आवाज टिपणे. आणि दुसरा, सांगितल्याप्रमाणे वागणे. वर्गात पहिल्या बाकावरचे विद्यार्थी माझे ऐकतात ते पहिल्या अर्थाने. दुसऱ्या अर्थाने कोणीच ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी. परंतु या दोन अर्थांची आमच्या घरात एवढी गल्लत होईल, आणि तिच्यापायी चांगली तीन वर्षे आम्ही सारी एका वृद्ध माणसावर उगाच चिडत राहू, असे मला कधी वाटले नव्हते. “आई अलीकडे काही ऐकतच नाहीत हो,” असे आमच्या सौभाग्यवती म्हणत तेव्हा त्या दुसऱ्या अर्थाने म्हणत असत. खरा होता तो पहिला अर्थ.

आई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. चौतीस वर्षे तिने पहिली ते चौथीची मुले सांभाळली. पाठमोरी होऊन फळ्यावर गणित लिहीत असतानाही मागच्या बाकावरची कुजबूज तिच्या कानांतून सुटत नसे. मागे वळूनही न पाहता ती त्या पोराचे नाव घेऊन “पुरे!” एवढेच म्हणे. घरी आम्हां भावंडांनाही त्या कानांचा धाक होता. रात्री लाडवाच्या डब्याचे झाकण जरा वाजले की आतल्या खोलीतून विचारणा होई. अशा बाईला ऐकू येईनासे होईल ही कल्पनाच आमच्या डोक्यात शिरणे अवघड. डोळ्यांत मोतीबिंदू होतो, गुडघे धरतात, दात पडतात. पण आईचे कान?

सुरुवात झाली ती विनोदाने. मी स्वयंपाकघरातून विचारले, “आई, चहा घेतेस का?” बाहेरच्या खोलीतून उत्तर आले, “दहा? इतक्यात दहा वाजले?” मुले खो खो हसली. मग तो एक खेळच होऊन बसला. साखर संपली म्हणावे, तर “भाकर कुणाला हवी?” असे ती विचारी. नाटकांतून आणि चित्रपटांतून बहिऱ्या आजोबांवर इतके हशे पिकलेले आपण पाहिले आहेत, की घरातही तसाच प्रवेश चालला आहे असे आम्हांला वाटले. मात्र जिच्यावर विनोद चालला होता ती हसत नव्हती, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले.

हसण्यावारी नेण्याचे दिवस काही टिकले नाहीत. नागपूरला माझी थोरली बहीण असते. तिचा दर रविवारी संध्याकाळी फोन यायचा आणि मायलेकींचे अर्धा-अर्धा तास चालायचे. ते आता दोन मिनिटांत आटपू लागले. “सगळी बरी आहात ना? ठेवते मग,” म्हणून आई मोकळी. ताईचा समज असा झाला, की घरात काही बिनसले आहे आणि आई मोकळेपणाने बोलू शकत नाही. त्यावरून तिचे आणि माझे चक्क भांडण झाले. चार महिने आम्ही बहीणभाऊ कामापुरते बोलत होतो. दत्तमंदिरातल्या भजनी मंडळात आई वीस वर्षे जात असे, तेही तिने सोडले. विचारले तर म्हणे, “गुडघे दुखतात.” पाहुणे आले की ती आपल्या खोलीत जाऊन बसे. एका नातेवाइकांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितले, “वहिनींना विसर पडायला लागलेला दिसतोय. मी विचारलं एक, त्यांनी सांगितलं भलतंच. दाखवून घ्या.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग आले २०२० साल आणि तोंडावरच्या त्या पट्ट्या. आईचे ऐकणे एका आठवड्यात एकदम कोसळल्यासारखे झाले. वाण्याचे कळेना, शेजारणीचे कळेना. आमच्या गल्लीतले म्हातारे डॉक्टर चतुर. त्यांनी तोंडावरची पट्टी खाली केली, दूर उभे राहून एक प्रश्न विचारला; आईने बरोबर उत्तर दिले. मग त्यांनी पट्टी वर केली आणि तितक्याच आवाजात दुसरा प्रश्न विचारला. आई नुसती बघत राहिली. डॉक्टर मला म्हणाले, “मास्तर, विसर-बिसर काही नाही. ही बाई गेली कित्येक वर्षं तुमच्या ओठांवरून वाचतेय. विद्यार्थिनी हुशार आहे, म्हणून तुम्हांला पत्ता लागला नाही.”

आता हे असे का होते, ते मी पुढे तज्ज्ञांकडून समजून घेतले आणि मराठीचा अध्यापक म्हणून मला त्यात भलताच रस वाटला. आपल्या बोलण्यातले स्वर हे खालच्या पट्टीचे आणि दणकट असतात. अ, आ, ओ यांचा आवाज भरदार. उलट स, श, च, थ, फ, ख ही व्यंजने वरच्या पट्टीची आणि आवाजाने अगदी नाजूक. कानाच्या आत गोगलगायीच्या कवचासारखी वळणावळणाची एक पोकळी असते. तिच्यात पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केशपेशी असतात आणि त्या ध्वनीचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करतात. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी या पोकळीच्या तोंडाशीच असतात, आणि वयाप्रमाणे झिजतात त्या बहुधा त्याच आधी. एकदा गेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. म्हणजे म्हातारपणी आधी जातात ती व्यंजने. स्वर शाबूत राहतात. ‘चहा’, ‘सहा’ आणि ‘दहा’ यांतले पहिले अक्षर पुसून पाहा, काय उरते? ‘साखर’ आणि ‘भाकर’ यांचे तेच. ‘सोसायटीची सभा शनिवारी सहाला’ हे वाक्य अशा माणसाला म्हणजे निव्वळ स्वरांची एक लांबण. ती तो अंदाजाने भरून काढतो. कधी साधते, कधी ‘दहा वाजले’ होते. म्हणूनच अशी माणसे “मला ऐकू येतं रे, पण कळत नाही,” असे म्हणतात. ते अक्षरशः खरे असते, आणि आपण मात्र ती सबब समजतो.

याच्या पोटातच दुसरी एक गंमत आहे. ऐकू येत नाही म्हणून आपण ओरडून बोलतो. ओरडण्याने वाढतात ते स्वर. मुळात अडले होते ते व्यंजनांवर. शिवाय झिजलेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र तुम्हां-आम्हांइतकाच मोठा लागतो, कधी कधी अधिकच टोचतो. त्यामुळे “जरा मोठ्याने बोल” आणि “ओरडतोस कशाला, बहिरी नाही मी!” ही दोन वाक्ये आई एका मिनिटाच्या अंतराने म्हणे, आणि आम्ही कपाळाला हात लावत असू.

डॉक्टरांनी निदान केले खरे, पण मी शहाणा ते अर्ध्यावर सोडून बाजारात गेलो. बाजारात म्हणजे हातातल्या फोनवर. दीड हजार रुपयांत कानाचे यंत्र, घरपोच! पाडव्याला मी मोठ्या थाटात ते आईच्या कानात बसवले. नेमका त्याच क्षणी बाहेर कोणी तरी सुतळी बॉम्ब लावला. आईने यंत्र उपसून काढले आणि तबकात टाकले. चूक बॉम्बची नव्हती. असली वस्तू म्हणजे निव्वळ भोंगा. ती पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट आणि माणसाचे बोलणे सारख्याच हिशेबाने वाढवते. ज्या कानाला खर्जाचे सगळे ऐकू येते आणि निषादाचे काही येत नाही, त्याला सरसकट वाढवून काय उपयोग? खरे श्रवणयंत्र जिथे जितके कमी तिथे तितकेच देते, आणि मोठ्या आवाजाला आपणहून लगाम घालते. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम श्रवणदोषाच्या प्रौढांसाठी दुकानातून थेट घेता येतील अशी यंत्रे कायद्याने आली आहेत, पण त्यांना तिथे ठरावीक नियम लावलेले आहेत. आपल्याकडे फोनवर जाहिरात दिसणारी प्रत्येक वस्तू त्या जातीची असते, असे समजू नये.

दुसरी चूक याहून महाग पडली. आमच्या संकुलाच्या सभागृहात कुठल्याशा कंपनीचे ‘मोफत कर्णतपासणी शिबीर’ भरले होते. छताला सहा पंखे फिरत होते, दाराशी मुले क्रिकेट खेळत होती, आणि त्या गलक्यात आईचे कान तपासण्यात आले. टापटीप कपड्यांतल्या एका तरुणाने तिला विचारले, “आजी, दिसणारं हवं की न दिसणारं?” यावर कोणती स्त्री काय उत्तर देईल? चष्मा लावला की माणूस विद्वान दिसतो आणि कानात यंत्र घातले की म्हातारा, अशी आपली समजूत आहे. आईने ‘न दिसणारं’ निवडले. पंचेचाळीस हजार रुपये मी मोजले. कानाच्या नळीत पार आत बसणारे, तुरीच्या डाळीहून जरा मोठे असे ते यंत्र. त्याची बॅटरी मसुरीएवढी. आईच्या बोटांना संधिवात. दर चार-पाच दिवसांनी ती बॅटरी बदलताना खाली पडायची आणि सगळे घर पलंगाखाली ओणवे व्हायचे. शिवाय कान पूर्ण बुजल्यामुळे स्वतःचाच आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो, अशी तिची तक्रार. पंधरा दिवसांत ते यंत्र कपाटाच्या खणात गेले. पुढे चौकशी केली तेव्हा समजले, की असे खण इतर घरांतही आहेत.

आमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी अखेर मला योग्य रस्ता दाखवला. त्यांच्या वडिलांचे सगळे होऊन गेले होते. त्या म्हणाल्या, “यंत्र शेवटी. आधी कान.”

तर आधी कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे. त्यांनी आईच्या डाव्या कानातून मळाचा जो गोळा काढला तो पाहून मला शरम वाटली. शिबिरात कोणी कानात डोकावूनसुद्धा पाहिले नव्हते. ही पायरी चुकवू नये याला दुसरेही कारण आहे. पडद्याला भोक असेल, किंवा मधल्या कानातले हाड जखडले असेल, तर शस्त्रक्रियेने सुधारणा होऊ शकते. एकाच कानाचे ऐकणे उतरले असेल तर त्याचे कारण शोधावेच लागते. आणि एखाद्या सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद झालेला आढळला, तर ‘सर्दी असेल, बघू चार दिवस’ असे मुळीच म्हणू नये. ती तातडीची बाब आहे. उपचार त्याच दिवशी, निदान पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकणे परत येण्याचा संभव अधिक असतो.

त्यानंतर श्रवणतज्ज्ञ. या मंडळींची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. भिंतीवर प्रमाणपत्र आहे का ते पाहायला लाजू नये. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांतूनही असे विभाग असतात. आम्ही गेलो तिथे एक तरुण मुलगी होती. तिने आईला आवाजबंद खोलीत बसवले, कानांवर श्रवणिका लावल्या आणि हातात एक बटण दिले. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत निरनिराळ्या पट्टीचे सूर हळू हळू क्षीण करत नेऊन, कोणता कितपर्यंत ऐकू येतो ते तिने कागदावर मांडले. उजव्या कानाची तांबडी वर्तुळे, डाव्याच्या निळ्या फुल्या. खालच्या पट्टीत आईची रेघ जवळजवळ सरळ होती. हजाराच्या पुढे ती घाटातल्या रस्त्यासारखी उतरत गेली आणि ४००० पाशी सत्तर डेसिबलपर्यंत खाली आली. घरातले साधे बोलणे साठाच्या आसपास असते. ज्या पट्टीत ‘स’ आणि ‘श’ राहतात, तिथे आईच्या नकाशावर दरीच होती. मग त्या मुलीने शब्द ऐकवले आणि आईकडून म्हणवून घेतले. ही दुसरी परीक्षा मोठी महत्त्वाची, कारण आवाज वाढवून दिल्यावर माणसाला शब्द ओळखू येतात की नाही, यावरच यंत्राचा उपयोग किती ते ठरते. यंत्र पुरेसे वाढवूनही शब्द कळत नसतील इतका दोष असेल, तर कॉक्लिअर इम्प्लांट या शस्त्रक्रियेचा विचार करतात. ते प्रकरण वेगळे.

मग तिने यंत्राच्या किमतीचा पत्रा पुढे न करता आईला एक प्रश्न विचारला. तो प्रश्न आम्ही कोणी तीन वर्षांत विचारला नव्हता. “आजी, कुठे नीट ऐकू यावं असं तुम्हांला सगळ्यांत जास्त वाटतं?”

मला वाटले, आई टीव्ही म्हणेल, किंवा फोन. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “भजनात.” आणि नंतर, माझ्याकडे न बघता तिने त्या परक्या मुलीला सांगितले, की दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी बाकीच्यांनी अभंग संपवला तरी तिला कळले नव्हते. डोळे मिटलेले होते. ती एकटीच पुढचे कडवे गात राहिली. डोळे उघडले तेव्हा दोन तरुण सुना तोंडाला पदर लावून हसत होत्या. “त्या दिवसापासून गेले नाही बघ,” ती म्हणाली. गुडघ्यांचे नाव होते ते असे.

त्या उत्तरावरून यंत्र ठरले. श्रवणतज्ज्ञाने जी पाच-सहा जोडपी टेबलावर मांडली त्यांत लहानपणी पाहिलेले खिशातले यंत्रही होते. आमच्या शेजारचे एक आजोबा सदऱ्याच्या खिशात तशी डबी ठेवून कानापर्यंत वायर नेत. ती शिट्टी वाजवायला लागली की सारी चाळ ओळखे, आजोबा आले! आकाराने थोराड, पण बटणे मोठी आणि किंमत कमी. ज्यांची बोटे थरथरतात त्यांना ते अजून सोयीचे. (एक ऐतिहासिक गंमत सांगतो. ट्रॅन्झिस्टर म्हटले की आपल्याला रेडिओ आठवतो, पण ट्रॅन्झिस्टर असलेले श्रवणयंत्र अमेरिकेत १९५२ च्या अखेरीस विकायला आले, खिशातला रेडिओ १९५४ मध्ये. कान पहिला, गाणे नंतर.) दुसरे कानामागे बसणारे, नळीने कानातल्या साच्याला जोडलेले, दोष भारी असेल त्यांना हे बरे, कारण त्याची ताकद जास्त आणि कानाचे माप घेऊन केलेला साचा आवाज बाहेर गळू देत नाही. तिसरेही कानामागचेच, पण त्याचा ध्वनिक्षेपक केसासारख्या बारीक तारेच्या टोकाला, कानाच्या नळीत असतो आणि त्यावर मऊ, सच्छिद्र टोपी असते. कान बुजत नाही. खालच्या पट्टीचे आवाज आपले आपण जातात आणि यंत्र फक्त वरच्या पट्टीची भर घालते. आईच्या त्या घाटवजा रेघेला हेच योग्य होते. रांजणाची तक्रार मिटली. रंग केसांसारखा रुपेरी. खरे सांगायचे तर त्या ‘न दिसणाऱ्या’पेक्षा हे कमीच दिसते, कारण ते घातलेली बाई आता “काय? काय?” म्हणत नाही.

‘कानामागून आली आणि तिखट झाली’ ही म्हण मी वर्गात किती वेळा समजावून सांगितली असेल! तिचा असा प्रत्यय कधी आला नव्हता.

दोन कानांना दोन यंत्रे लागतात का, हा प्रश्न मध्यमवर्गीय माणूस विचारणारच. मीही विचारला. दोन्ही कान उतरले असतील तर दोन घ्यावीत. आवाज कोणत्या दिशेने आला ते दोन कानांमुळेच कळते आणि गलक्यात बोलणे वेगळे काढायला दोन कान लागतात. एकच परवडत असेल तर एक घ्यावे, पण कोणत्या कानाला ते तज्ज्ञाला ठरवू द्यावे. वाहिन्यांची संख्या हे विक्रेत्यांचे आवडते अस्त्र: हिच्यात चार, तिच्यात सोळा, त्या राणीछापात चोवीस! एका मर्यादेपलीकडे वाहिन्या वाढल्याने ऐकण्यात तेवढा फरक पडतोच असे नाही. फरक पडतो तो यंत्र त्या विशिष्ट कानाला किती काळजीपूर्वक जुळवले यावर. कानात केसाएवढी नळी घालून, यंत्राचा आवाज पडद्याजवळ प्रत्यक्ष किती पोहोचतो ते मोजण्याची सोय काही ठिकाणी असते. ती आहे का ते जरूर विचारावे. महाग यंत्र ढिसाळपणे जुळवलेले असण्यापेक्षा मध्यम यंत्र नीट जुळवलेले शतपटीने चांगले. आम्ही दोन्ही कानांची मिळून पाऊण लाखाच्या आत बसणारी जोडी घेतली, आणि तीही आठ दिवस घरी वापरून पाहिल्यावर. वापरून पाहू न देणारा विक्रेता असेल तर नमस्कार करून बाहेर पडावे. आर्थिक ओढग्रस्तीतल्या ज्येष्ठांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्राचाही समावेश आहे; घरकाम करणाऱ्या मावशींच्या सासऱ्यांना हे सांगण्यासारखे आहे.

बॅटरी की चार्जिंग, हा दुसरा वाद. जस्त आणि हवेवर चालणारी छोटी बॅटरी असते. तिच्यावरची चिकटपट्टी सोलली की हवा लागून ती जागी होते. तिला मिनिटभर श्वास घेऊ द्यावा आणि मग बसवावी. पट्टीच्या रंगावरून आकार कळतो: पिवळी सर्वांत लहान, मग तपकिरी, नारिंगी, आणि निळी सर्वांत मोठी. लहान बॅटरी आठवडाभरसुद्धा पुरतेच असे नाही. घरात रांगते मूल असेल तर तिला सोन्यासारखे जपावे. पोटात गेली तर जिवावर बेतू शकते. आईच्या बोटांसाठी आम्ही रात्री डबीत ठेवून चार्ज होणारी जोडी पसंत केली. तिच्या वीजघटाचेही आयुष्य काही वर्षांचे, पुढे तो बदलावा लागणार, हे आधीच विचारून ठेवले आहे. पावसाळ्यात मात्र या सगळ्यांचा शत्रू एकच, दमट हवा. ओल शोषणाऱ्या खड्यांची डबी, कानातला मळ अडवणारी इवलीशी जाळी वेळच्या वेळी बदलणे, आणि आंघोळीला जाण्यापूर्वी यंत्र काढणे. शेवटचे आई दोनदा विसरली. सुदैवाने निभावले.

चष्मा घातला की त्या क्षणी दिसते. कानाचे तसे नाही, आणि हे मला कोणी आधी सांगितले असते तर पहिल्या आठवड्यातली रडारड टळली असती. वर्षानुवर्षे जे आवाज मेंदूकडे गेलेच नाहीत ते एकदम जाऊ लागतात. वर्तमानपत्राचे पान उलटले तरी आईला दचकायला होई. फोडणी तडतडली तर म्हणे, “काही पेटलं का?” श्रवणतज्ज्ञाने बजावले होते: पहिले काही दिवस घरातच, शांत वेळी दोन-तीन तास, मग वाढवत न्यायचे, लग्नकार्यात सर्वांत शेवटी घालायचे. महिन्याभरात दोनदा जाऊन जुळणी बदलून आणली. आणि आम्हांलाही शिकावे लागले. दुसऱ्या खोलीतून बोलायचे नाही, समोर येऊन बोलायचे, टीव्ही लावून विचारायचे नाही. यंत्र आईच्या कानात बसले आणि रीत बदलली ती आमच्या तोंडाची.

विसराचे काय? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० आणि २०२४ च्या अहवालांत, स्मृतिभ्रंशाच्या आटोक्यात ठेवता येण्याजोग्या कारणांमध्ये श्रवणदोष धरला आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ७० ते ८४ वयाच्या ९७७ माणसांवरील तीन वर्षांच्या एका पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सरसकट सर्वांमध्ये यंत्राने बुद्धीची घसरण थांबल्याचे दिसले नाही. परंतु ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांच्यात ती जवळजवळ निम्म्याने मंदावली. तेव्हा यंत्र म्हणजे ब्राह्मी नव्हे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक ऐकू येत नाही. त्यांतल्या किती जणांना घरच्यांनी वेंधळे, हट्टी किंवा विसराळू ठरवले असेल, याची मोजदाद कोण करणार?

ताईचा फोन हल्ली यंत्रातूनच थेट कानात येतो. आई हात मोकळे ठेवून मेथी निवडत बोलत असते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, ही बाई एकटीच हसतेय. आमचे भांडण मिटले. कोणी कोणाची क्षमा मागितली नाही. बहीणभावांत तशी पद्धत नाही. मी जेवताना लांबलचक बोलू लागलो की आई कानांमागे हात नेते, दोन्ही यंत्रे काढून डबीत ठेवते आणि शांतपणे वरणभात कालवते. हीदेखील एक सोय आहे, आणि ती जाहिरातीत लिहिलेली नसते.

भजनासाठी त्या मुलीने यंत्रात एक वेगळी व्यवस्था करून दिली आहे. बोलण्यासाठी यंत्र ज्या युक्त्या करते, म्हणजे गोंगाट दाबणे, शिट्टी मारणे वगैरे, त्या गाण्याच्या मुळावर येतात; टाळ आणि पेटी तिला गोंगाटच वाटतात. म्हणून बटण दाबले की त्या युक्त्या बंद. गेल्या आषाढात, दोन वर्षांच्या खंडानंतर, आई प्रथमच दत्तमंदिरात गेली. मी तिला सोडून आलो आणि दीड तास घरात येरझाऱ्या घातल्या. परत आली ती कपाळाला आठ्या घालून. माझ्या पोटात धस्स झाले.

“काय झालं ग? नीट ऐकू नाही आलं?”

“ऐकू आलं ना!” आई चप्पल काढत म्हणाली. “त्यांची पेटी बेसूर आहे. आणि कुणाला पत्ता नाही!”

मला वाटले, यंत्राचाच दोष. लगेच त्या मुलीला फोन केला. ती हसली आणि म्हणाली, “सर, आधी पेटी दाखवून घ्या.” मंडळाने पुढच्या आठवड्यात पेटी दुरुस्तीला दिली. मध्य सप्तकातले दोन सूर उतरलेले निघाले.